समक्ष

सातारा,
रविवार सकाळ

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं, सोबतची कथाही मिळाली. कथा दोनदा वाचली, पत्र चारदा. तुझे प्रश्न तीन आहेत. नोकरी आणि लेखन एका माणसाला झेपतं का, की दोन्हीकडे अर्धंमुर्धं होतं? कथेखाली स्वतःचं नाव घालावं की टोपणनाव घ्यावं? आणि तिसरा, जरा संकोचून विचारलेला: चावडीत तलाठी म्हणून बसणारी तू खरी, की रात्री लिहिणारी तू खरी? हे सगळं तू स्वच्छ अक्षरात, परिच्छेद पाडून लिहिलंस. मग शेवटच्या पानाच्या समासात बारीक अक्षरात एक ओळ घातलीस, ‘एक वारस नोंद धरायची आहे. भाऊ रोज येऊन बसतात. बहिणीचा पत्ताच नाही म्हणतात.’

मी त्या ओळीपासूनच सुरुवात करते. बाकीचं त्यातूनच निघेल असं वाटतं.

मी तलाठी म्हणून रुजू झाले १९८६ साली, तेविसाव्या वर्षी. तालुक्यात तेव्हा आम्ही दोघीच बायका तलाठी. गावातली म्हातारी माणसं मला ‘भाऊसाहेब’ म्हणायची, कारण तलाठ्याला हाक मारायला दुसरा शब्दच त्यांच्याजवळ नव्हता. ‘भाऊसाहेब, सातबारा पायजे व्हता.’ सुरुवातीला कानाला खटकलं, मग आवडायला लागलं. त्या हाकेत मान होता. तो राखायचा तर काम झपाट्याने झालं पाहिजे, नोंदी तुंबता कामा नयेत, सर्कलनी, म्हणजे वरच्या मंडळ अधिकाऱ्यांनी, दप्तर उघडलं तर शेरा मारायला जागा सापडू नये, एवढंच डोक्यात असायचं.

१९८९ च्या उन्हाळ्यात एक खातेदार मयत झाला. दोन हेक्टर चाळीस आर जमीन, एक विहीर. मागे बायको, दोन मुलगे आणि लग्न होऊन चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर नांदत असलेली एक मुलगी. मुलगे वारसाची वर्दी घेऊन आले. बहिणीला हक्क नको आहे, ती लिहून द्यायला तयार आहे म्हणाले. सर्कलचा दौरा चार दिवसांवर होता. मी साध्या कागदावर तिचा जबाब लिहिला, थोरल्याच्या सांगण्यावरून: ‘वडिलांचे मिळकतीत मला हिस्सा नको, माझे भावांचे नावे नोंद होणेस हरकत नाही.’ तो कागद थोरला घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी खाली निळा अंगठा उमटवून घेऊन आला. अंगठ्याच्या शेजारी मी लिहिलं, ‘समक्ष’. खाली सही केली. नोंद मंजूर झाली.

मी पैसे घेतले नव्हते, हे तुला मुद्दाम सांगते. चहासुद्धा घेतला नव्हता. आणि म्हणूनच मला त्या रात्री शांत झोप लागली. सचोटीची माझी व्याख्या तेवढीच होती: हात स्वच्छ ठेवायचे. आपण पैशाला शिवत नाही या समाधानात मी इतकी मग्न होते की आपल्या हातून खोटं लिहिलं गेलं हे माझ्या ध्यानातही आलं नाही. घाई होती, कौतुकाची हाव होती. ‘मॅडम कामाला वाघ आहेत’ असं सर्कल तहसीलदार रावसाहेबांना सांगतील, ती माझी लाच होती.

अकरा वर्षांनी, मी दुसऱ्या तालुक्यात मंडळ अधिकारी असताना, एक बाई मला शोधत आली. एसटीने दोन गाड्या बदलून. हातात दुधाच्या पिशवीत घडी करून ठेवलेली फेरफाराची, म्हणजे त्या वारस नोंदीची, नक्कल. नवऱ्याने टाकलं होतं, माहेरी परत आली होती, आणि भावाने अंगणातूनच सांगितलं होतं की तुझं इथे काही नाही, तूच लिहून दिलंयस. तिने नक्कल टेबलावर पसरली, माझ्या सहीवर बोट ठेवलं आणि विचारलं, ‘ही तुमचीच का?’ मी हो म्हटलं. मग तिचं बोट शेजारच्या शब्दावर आलं. तिला वाचता येत नव्हतं. कोणीतरी वाचून दाखवलं असणार, कारण नेमक्या जागी आलं.

‘हितं समक्ष लिवलंय म्हणं. मी तर तुमाला आज पयल्यांदा बघतीय.’

आवाज चढवला नाही. खरंच विचारत होती ती, हे कसं झालं म्हणून. माझ्याजवळ उत्तर नव्हतं. मी तिला खुर्ची दिली, ती जमिनीवरच बसली.

पुढचं थोडक्यात सांगते. तिला प्रांत अधिकाऱ्यांकडे अपील करायला लावलं. तो अंगठा माझ्यासमोर झालेला नाही, असं मी लेखी दिलं. त्याबद्दल माझी खातेनिहाय चौकशी झाली, वेतनवाढ रोखली गेली. ते रास्तच होतं. तिचं अपील मुदतीत नाही म्हणून अडलं, वर गेलं, पुन्हा खाली आलं. शेवटी गावकीत तडजोड झाली आणि भावांनी तिला वीस गुंठे दिले, विहिरीच्या पाण्याशिवाय. तिचा निदान साठ आर, म्हणजे जवळपास साठ गुंठे, वाटा होता. बापाच्या मिळकतीत मुलगी वारस आहे, हे १९५६ सालापासून कायद्यात लिहिलेलं आहे. मला ते माहीत होतं. परीक्षेत मी त्याचं उत्तर लिहून गुण मिळवले होते.

आता तुझ्या कथेकडे येते.

कथा चांगली आहे. तुझा हात लिहिता आहे, यात मला शंका नाही. चावडीतल्या पंख्याचा आवाज, कोतवालाचं दारात उभं राहून खाकरणं, टेबलाच्या काचेखाली अडकलेली जुनी बसची तिकिटं, हे सगळं मला समोर दिसलं. पण कथेत ती बहीण आली आणि भाषा एकदम पातळ झाली. ती पावसात भिजत माहेरच्या दारात उभी राहते, उंबऱ्याला हात लावते, डोळे पुसते, माघारी फिरते. बाळ, तू तिला भेटलेली नाहीस. ती उंच की बुटकी, रागीट की अबोल, तिला जमीन हवी की नको, हे तुला माहीत नाही. तिच्यावर नोटीस बजावली गेलेली नाही आणि तिची कथा मात्र लिहून झाली. भाऊ तिला सातबाऱ्यातून वगळायला बघतायत, तू तिला कथेत घेतलंस. दोन्हीकडे तिला कोणी विचारलेलं नाही. माझ्या त्या जबाबातही एक गरीब, समजूतदार बहीण होती, भावांसाठी हक्क सोडणारी. ती मी टेबलाशी बसून तयार केली होती.

कल्पनेने लिहू नकोस, असं मी म्हणत नाही. कल्पनेवाचून कथा होत नाही. पण कल्पनेलाही एक ‘समक्ष’ लागतं. माणसाच्या समोर बसून आपली समजूत एकदा तरी मोडली असली पाहिजे. तुझ्या कथेतली बहीण तुझ्या समजुतीच्या पलीकडचं एक वाक्यही बोलत नाही. यावरून मला कळलं की ती तुला भेटलेली नाही. पत्रातली ती ओळ वाचायच्या आधीच कळलं.

विभावरी शिरूरकरांचं ‘बळी’ तू वाचलं आहेस का? नसेल तर मिळव. त्या मूळच्या बाळूताई खरे, पुढे मालतीबाई बेडेकर. तीसच्या दशकाच्या अखेरीस त्या सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये शिक्षणाच्या कामावर अधिकारी होत्या. जन्मानेच गुन्हेगार ठरवलेल्या जमातींची माणसं तिथे तारेच्या कुंपणात ठेवलेली असत, हजेरी घेतली जाई. १८७१ चा तो कायदा. स्वातंत्र्यानंतर १९५२ साली रद्द झाला, आणि ती माणसं कागदोपत्री ‘विमुक्त’ झाली. मालतीबाई कुंपणाच्या आत नोकरीसाठी जात होत्या, पण त्यांची बाजू कुंपण घालणाऱ्यांची होती. पगार त्याच सरकारचा. या अवघड जागेवर बसून त्यांनी पाहिलं. कादंबरी आली १९५० साली. मधली दहाएक वर्षं माझ्या मनात घोळत राहतात. मोह झाला नसेल का लगेच लिहायचा? पण पाहिलेलं मुरू दिलं. म्हणून त्या कादंबरीतली माणसं दया मागत उभी राहत नाहीत. ती भांडतात, लबाडी करतात, प्रेम करतात, पुढाऱ्यांना आणि सुधारकांनाही हिसका दाखवतात.

नोकरी आणि लेखन यांत भांडण आहे का, या तुझ्या प्रश्नाला मला सुचतं ते उत्तर हे एवढंच: त्या बाईंना ती नोकरी नसती तर ती कादंबरी झाली नसती. आणि नोकरी त्यांनी कादंबरीसाठी धरली नव्हती. कामासाठी धरली होती.

तुला वाटतं दप्तरातली भाषा तुझं लेखन खाऊन टाकते. मला उलटा अनुभव आहे. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट झाली, तेव्हा मी द्राक्षाच्या पट्ट्यात पंचनामे करत होते. पहिल्या बागेत शिरले आणि लिहिलं, ‘बागेचे भयंकर नुकसान झाल्याचे दिसते.’ सोबतचे जुने कृषी सहायक म्हणाले, ‘मॅडम, भयंकर म्हणजे किती?’ तेव्हा नुकसान ५० टक्क्यांच्या वर असेल तर मदत, खाली असेल तर नाही. मग ओळीत वाकून बघायला लागले. वेलीगणिक घड मोजायचे. घडातले मणी फुटलेले किती, नुसता डाग पडलेले किती. काडीला गार कुठल्या बाजूने लागली आहे. खाली पडलेल्या मण्यांचा चिकट रस चपलेला लागायचा आणि माशा घोंघावायच्या. शेतकरी काही न बोलता मागून चालायचा. एका वेलीशी थांबला आणि म्हणाला, ‘ही मोजू नका, ही दरवर्षीच कमी धरती.’ एवढा तोटा झालेला माणूस, आणि पंचनाम्यात एक वेल खोटी चढू नये याची काळजी करत होता. ‘भयंकर’ शब्द मी तिथे सोडला. पुढे कथा लिहितानाही हात तिकडे गेला की तो माणूस आठवतो.

आपल्या कामात चतुःसीमा लिहितात, पूर्वेस कोण, पश्चिमेस कोण. पोटखराबा लिहितात, म्हणजे पिकाखाली न येणारी जमीनही मोजून लिहितात. त्या भाषेत कोरडेपणा आहे खरा, पण ती जबाबदार भाषा आहे. तिच्यातल्या एका शब्दाने माणूस जमिनीचा मालक होतो नाहीतर होत नाही. लिहिणाऱ्याला याहून मोठी शाळा मला ठाऊक नाही. जमीन महसूल संहितेचं कलम १५५ तू शिकलीच असशील, लेखनप्रमाद दुरुस्त करण्याचं. हातून चुकून नाव वगळलं गेलं, क्षेत्र चुकलं, तर त्याखाली दुरुस्ती होते. मी जे केलं तो लेखनप्रमाद नव्हता. अक्षरं बरोबर होती.

आता नावाचं.

वारसांची नावं लिहून घेताना एकदा एका बाईला मी विचारलं, ‘नाव काय?’ ती गप्प राहिली आणि म्हणाली, ‘कुठलं सांगू?’ माहेरी एक नाव, लग्नात तांदळात लिहिलेलं दुसरं, रेशनकार्डावर तिसरंच कुणीतरी लावलेलं. बापाच्या जमिनीत हक्क सांगायला माहेरचं नाव लागतं आणि ओळखीचा पुरावा सासरच्या नावाचा. मधला ‘उर्फ’ सिद्ध करता करता बायकांच्या चपला झिजतात. आणि नाव लागलंच, तर पूर्वी सर्रास ‘इतर हक्क’ या रकान्यात लागायचं, जिथे बँकेचा बोजा लिहितात तिथे. भाऊ कब्जेदार, बहीण इतर हक्कात. माणसाचं नाव लिहिणं पुरेसं नसतं, ते कुठल्या रकान्यात लिहिलं हे बघावं लागतं.

‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक माहेरच्या मनकर्णिका गोखले. लग्नाने आख्खं नाव बदललं. जे नाव सासरने ठेवलं, तेच पुढे मराठी गद्यात त्यांचं स्वतःचं झालं, कारण त्या नावामागे त्यांनी स्वतः पाहिलेलं आणि सोसलेलं ठेवलं. माझी गोष्ट याच्या उलटी आहे. सर्व्हिस बुकात माझं सासरचं नाव आहे आणि कथांखाली माहेरचं. पहिली कथा दिवाळी अंकाला पाठवली तेव्हा पाकिटावर हात आपोआप माहेरच्या आडनावाकडे गेला. बापाच्या जमिनीत मी हिस्सा मागितला नव्हता, नाव तेवढं मागून घेतलं असं पुढे कधीतरी वाटलं. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आता सरकारी कागदावर आईचं नाव घालतात, ते पाहिलं की मला बरं वाटतं. उशीर झाला, पण बरं वाटतं.

तर टोपणनाव. त्यात गैर काही नाही. मालतीबाईंचं ‘कळ्यांचे निःश्वास’ १९३३ साली विभावरी शिरूरकर या नावाने आलं. शिकलेल्या, मिळवत्या, अविवाहित मुलींच्या मनात काय चालतं हे तेव्हा एका शिक्षिकेने स्वतःच्या नावाने लिहिणं म्हणजे नोकरीवर आणि अब्रूवर निखारा ठेवणं. त्याहून जुनं उदाहरण आपल्याच खात्याच्या जवळचं आहे. गोपाळ हरी देशमुख १८४८ साली पंचविशीचे होते, सरकारी चाकरीत होते, आणि मुंबईच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात ‘लोकहितवादी’ या नावाने आपल्याच समाजावर आसूड ओढणारी पत्रं लिहीत होते. पुढे ते इनाम कमिशनच्या कामावरही होते, जमिनींच्या सनदा तपासणारे. एकशे आठ पत्रं झाली. टोपणनावाआडून त्यांनी दुबळ्यावर कधी दगड मारला नाही. मारला तो आपल्या जातीच्या, आपल्या शहराच्या, आपल्याहून वजनदार माणसांच्या अहंकारावर.

तू स्वतःला हाच प्रश्न विचार. हे नाव कोणाला वाचवतंय? तुझी कथा सर्कलविरुद्ध, एखाद्या पुढाऱ्याविरुद्ध असती आणि खरं बोलायला आडोसा लागत असता, तर मी म्हटलं असतं, घे टोपणनाव, बिनदिक्कत घे. पण या कथेत उघडी पडते ती बहीण. दोन भाऊ, पश्चिमेची विहीर, कुंकवाच्या डबीचा तो तपशील. गावात कोणीही अंक उघडला तरी पहिल्या पानात ओळखेल. तिला टोपणनाव घ्यायची सोय नाही. तू मागे आणि ती पुढे, असा आडोसा मला बरा वाटत नाही.

सरकारी कर्मचाऱ्यांचे वर्तणूक नियम १९७९ चे आहेत, तेही एकदा मुळातून वाच. कोणी सांगितलं म्हणून घाबरू नकोस आणि कोणी सांगितलं म्हणून बिनधास्तही होऊ नकोस. दप्तरातला कागद, जबाबातली ओळ, अर्जातलं वाक्य कथेत जसंच्या तसं उचलायचं नाही. ते तुझ्याकडे विश्वासाने ठेवायला दिलेलं आहे. नियम नसता तरी मी हेच सांगितलं असतं.

तू लिहिलंयस की नव्या सजेवर, म्हणजे तुझ्या हद्दीतल्या गावांत, लोक फिरून फिरून विचारतात, ‘मॅडम, तुम्ही मूळच्या कुठल्या? पूर्ण नाव काय?’ त्यांना काय हवंय ते तुला कळतं, मलाही कळतं. बाबूराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह १९६३ चा. त्यातल्या शीर्षककथेतला तरुण रेल्वेत नोकरीला लागून परगावी जातो, आणि डोक्यावर छप्पर मिळावं म्हणून जातीबद्दल गप्प राहतो. आपलीच गोष्ट लपवायला माणसाला चोरावी लागते, हा त्या शब्दातला दाह साठ वर्षांनीही विझलेला नाही. तू काय सांगायचं, कधी सांगायचं, ते सर्वस्वी तुझं. माझं म्हणणं एवढंच की त्या प्रश्नाने तुझी मान खाली जाऊ देऊ नकोस, आणि उद्या टेबलासमोर कोणी अर्ज घेऊन आला की त्याचं आडनाव वाचून तुझा आवाज बदलू देऊ नकोस. हे दुसरं पहिल्याहून अवघड आहे. मी ते शिकायला बरीच वर्षं घेतली.

राहिली ती नोंद.

बहिणीचा पत्ता भावांना माहीत नाही, असं होत नाही. भाऊबीज कुठे करतात विचार. आईचा दहावा-तेरावा झाला तेव्हा ती आली होती का विचार, कुठल्या गाडीने आली होती विचार. त्या पिढीत लग्नपत्रिका जपून ठेवतात, तीत सासरचं गाव असतं. शेजारच्या म्हाताऱ्या बाईला सगळं माहीत असतं. पोलीस पाटलाच्या दाखल्यात तीन वारसांऐवजी दोन असतील तर तो दाखला परत कर. आणि हे लक्षात ठेव की वारस म्हणून तिचं नाव लावायला ती चावडीत हजर असावी लागत नाही. ती आहे, एवढं पुरे. हक्क सोडायचाच असेल तर तिने स्वतः दुय्यम निबंधकाकडे जाऊन नोंदणीकृत हक्कसोड करावं. साध्या कागदावर अंगठा आणला तर हात लावू नकोस. भावांनी हरकत घेतली तर तक्रारी नोंद कर, ती वरच्या महसूल अधिकाऱ्यांपुढे चालेल. त्यासाठीच ती तरतूद आहे.

भाऊ चिडतील. ‘गावात नोकरी करायचीय ना मॅडम?’ असंही कोणी ऐकवेल. पण त्यांचंही ऐकून घे, पाणी दे, बसव. तुझ्या कथेत ते फार सहज दुष्ट झाले आहेत. कोरडवाहू पाच-सहा एकर, त्यात दोन संसार. बहिणीच्या लग्नात थोरल्याने बैल विकलेले असतात आणि त्याच्या हिशेबी तिचा वाटा तेव्हाच दिलेला असतो. तो हिशेब कायद्यात बसत नाही, हे त्याला नीट, न रागावता सांगावं लागतं. दोनदा सांगावं लागतं. मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क देणारी २००५ ची दुरुस्ती आणि त्यावर २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निर्णय गावोगाव कानावर गेल्यापासून तर पुष्कळ घरांत भीती बसली आहे, आणि घाबरलेला माणूस घाई करतो. तुझ्या टेबलाशी रोज येऊन बसतायत ती भीतीच आहे.

बहिणीने आनंदाने हक्क सोडला, तर तोही तिचा अधिकार. जमिनीपेक्षा माहेरचं दार उघडं राहणं मोलाचं वाटतं, अशा बायका मी पुष्कळ पाहिल्या. त्यांना बावळट समजू नकोस. तिला कायदा काय म्हणतो ते माहीत असलं पाहिजे आणि बोलताना भाऊ खोलीत नसला पाहिजे, एवढी व्यवस्था तुझ्या हातात आहे.

आणखी एक. तुझ्या डिजिटल सहीचं डोंगल पर्समध्ये ठेव. टेबलाच्या खणात नको, खासगी मदतनिसाकडे तर नकोच. ‘मॅडम, तुम्ही मीटिंगला जा, मी नोंदी टाकून ठेवतो’ असं म्हणणारा मुलगा सालस असेल, मेहनती असेल. पण तिथे उमटतं ते तुझं नाव. माझ्या वेळी निदान सही माझ्या हातून झाली होती, म्हणून त्या बाईला विचारायला माणूस सापडलं. अकरा वर्षांनी तुझ्याकडे कोणी आलं, तर ‘ही माझीच’ असं तुला म्हणता आलं पाहिजे.

चावडीतली तू खरी की लिहिणारी तू खरी, हे विचारलंस. मला वाटतं, या आठवड्यात तुला ते कळेल. कोतवालाला पाठवू नकोस, स्वतः जा. एसटीने जा, जीप घेऊन गेलीस तर अख्खी आळी जमेल आणि ती बोलणार नाही. पहिल्या खेपेला शाईचा पॅड नेऊ नकोस. तिच्याकडे बस, पाणी पी, ती काय करते ते बघ. नोटीस द्यायची ती वाचून दाखव, आणि मग गप्प राहा. कथेबद्दल तेव्हा काही बोलू नकोस. ती काय म्हणेल ते तुला आत्ता ठाऊक नाही, मलाही नाही.

तुझ्या कथेच्या समासात मी पेन्सिलीने खुणा केल्या आहेत, पण ती प्रत आज या पाकिटात घालत नाही. तू जाऊन ये, मग मागव. त्यातल्या बऱ्याचशा तोवर तुझ्याच लक्षात आलेल्या असतील.

पाऊस धरला आहे, छत्री ने. त्या बाजूच्या शेवटच्या गाडीची वेळ स्टँडवर आधी विचारून ठेव.

तुझी,
ताई